केबल स्टिअरिंग

केबल स्टिअरिंग ही हलक्या वाहनाच्या पुढच्या चाकांना दिशा देण्याची यांत्रिक पद्धत आहे. तिच्यात स्टिअरिंग चाकाची किंवा हँडलची हालचाल पोलादी तारेच्या ओढीने चाकांपर्यंत पोहोचवली जाते. मोटारगाडीत हे काम दातेरी पट्टी, गिअरपेटी आणि दांडे करतात. केबल स्टिअरिंगमध्ये त्यांच्या जागी एक रीळ, काही कप्प्या आणि तारेचा बंद वळसा असतो. घरी बनवलेल्या चारचाकी सायकली, बसून चालवायच्या तीनचाकी सायकली, उतारावरून सोडण्याच्या बिनइंजिनी गाड्या आणि काही मालवाहू सायकली यांत ही पद्धत आढळते.

तार ओढता येते, ढकलता येत नाही. केबल स्टिअरिंगची रचना, तिचे गुण आणि तिचे धोके या एका गोष्टीतून निघतात. दांड्याच्या यंत्रणेत एकच दांडा चाक दोन्ही बाजूंना वळवतो. तारेच्या यंत्रणेत डावीकडे वळण्यासाठी एक तार आणि उजवीकडे वळण्यासाठी दुसरी तार लागते, आणि दोन्ही तारा सदैव ताठ राहाव्या लागतात. एक तार ढिली पडली तर वाहन चालकाच्या हाताला उशिरा प्रतिसाद देते. ती तुटली तर वाहन एकाच बाजूला वळवता येते.

इतिहास

दोरीने सुकाणू फिरवण्याची कल्पना मोटारगाडीपेक्षा बरीच जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभापासून मोठ्या जहाजांवर सुकाणूचक्र आले. त्याच्या ढोलाला गुंडाळलेली दोरी कप्प्यांवरून खाली जाऊन सुकाणूचा दांडा डावीउजवीकडे ओढत असे. विमानविद्येनेही हाच मार्ग धरला. राईट बंधूंच्या १९०३ च्या विमानाचे नियंत्रण तारांनी होत असे, आणि आजही अनेक लहान विमानांच्या शेपटीकडील पृष्ठभागांपर्यंत पोलादी तारा गेलेल्या असतात. त्यामुळे तारेची निवड, तिचा ताण आणि तिची तपासणी यांविषयीचे बरेचसे पद्धतशीर ज्ञान विमानांच्या देखभालीतून आलेले आहे.

रस्त्यावरील वाहनांत ही पद्धत सर्वाधिक वापरली गेली ती पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे आलेल्या सायकलकारमध्ये. मोटारसायकलचे इंजिन आणि अत्यंत हलका सांगाडा यांच्या जोडणीतून ही स्वस्त वाहने तयार होत. १९१० मध्ये फ्रान्समध्ये रोबेर बूर्बो आणि आंरी दव्हो यांनी सुरू केलेली बेदेलिया हे त्यांचे ठळक उदाहरण होय. या गाडीत दोन आसने एकामागे एक असत व चालक मागे बसे. पुढचा आस मध्यभागी एकाच खुंटीवर फिरे आणि त्याला रिळावरून आलेल्या तारा ओढत. १९१२ मध्ये सायकलकारचा वर्ग आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवला गेला, तेव्हा त्याच्या मोठ्या गटासाठी वजनाची मर्यादा ३५० किलो आणि इंजिनाची मर्यादा १,१०० घन सेंमी ठेवण्यात आली. १९२० च्या दशकात स्वस्त पण पूर्ण रचनेच्या छोट्या मोटारी बाजारात आल्या आणि सायकलकार मागे पडल्या. तारेचे स्टिअरिंगही त्यांच्यासोबत रस्त्यावरून जवळजवळ नाहीसे झाले.

ते टिकून राहिले खेळात. अमेरिकेत १९३४ पासून भरणाऱ्या सोपबॉक्स डर्बी या मुलांच्या शर्यतीतील गाड्यांना इंजिन नसते. त्या केवळ उतारावर धावतात आणि त्यांचा पुढचा आस तारेने वळवला जातो.

बेअरिंगची गाडी

महाराष्ट्रात या पद्धतीचे सर्वांत साधे रूप गल्लीत दिसत आले आहे. गॅरेजमधून टाकून दिलेली बॉल बेअरिंग चाके म्हणून वापरायची, एक फळी घ्यायची, पुढच्या आडव्या लाकडाच्या मधोमध एकच बोल्ट ठोकायचा आणि त्या लाकडाच्या दोन्ही टोकांना सुतळी किंवा दोरी बांधून ती हातात धरायची. एवढ्यात मुलांची बेअरिंगची गाडी तयार होते. उजवी दोरी ओढली की आडव्या लाकडाचे उजवे टोक मागे येते आणि गाडी उजवीकडे वळते. बहुतेक मुले पाय त्याच लाकडावर टेकवतात, म्हणजे दोरीच्या ओढीला पायाच्या रेट्याची जोड मिळते.

हे खेळणे असले तरी त्यात केबल स्टिअरिंगचे सर्व घटक आहेत. बेदेलियाचा पुढचा आस आणि या गाडीचे पुढचे लाकूड यांची भूमिती एकच आहे. तिचे दोषही तेच आहेत. एका चाकाला दगड लागला की संपूर्ण लाकूड गर्रकन फिरते आणि दोरी हातातून सुटते. या गाडीवरून खरचटलेल्या गुडघ्यांचे कारण बहुधा हेच असते.

रचना

पूर्ण यंत्रणेत स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेले रीळ, तारेला दिशा देणाऱ्या कप्प्या, चाकाकडील भुजा किंवा अर्धवर्तुळाकार पट्टी आणि ताण जुळवण्यासाठी टर्नबकल असे भाग असतात.

रिळावर तार दोन-तीन वेढे घेते. केवळ घर्षणावर विसंबले तर तेल किंवा पाणी लागल्यावर तार घसरते आणि स्टिअरिंग चाकाची मधली जागा सरकते. म्हणून तारेचा मध्यबिंदू रिळाला स्क्रूने किंवा पट्टीने जखडतात. वेढे एकमेकांवर चढू नयेत यासाठी रिळाला मळसूत्री खोबण पाडणे चांगले. वेढ्यांची दिशा चुकली तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाते. नवख्या बांधणाऱ्याची ही नेहमीची चूक असते, आणि ती गाडी ठोकळ्यांवर उभी असतानाच तपासून पाहिली जाते.

तारेच्या जाडीला रिळाचा आणि कप्पीचा व्यास साजेसा हवा. तार जितक्या लहान कप्पीवर वाकते तितके तिचे बारीक पदर लवकर थकतात व तुटतात. लवचीक तारेसाठी कप्पीचा व्यास तारेच्या जाडीच्या किमान २० पट ठेवण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. म्हणजे ३ मिमी तारेला ६० मिमी व्यासाची कप्पी लागते. पडद्याच्या दोरीसाठी मिळणाऱ्या बारीक कप्प्या या कामाला निरुपयोगी आहेत.

विमानांत वापरली जाणारी सुमारे ३ मिमी जाडीची, ७ पेडांची आणि प्रत्येक पेडात १९ पदर असलेली जस्तलेपित तार सुमारे ८.९ किलोन्यूटन भाराला तुटते. त्याच्या निम्म्या जाडीची, ७ पेडांची आणि पेडात ७ पदरांची तार सुमारे २.१ किलोन्यूटनला तुटते. पहिली अधिक लवचीक असल्याने कप्प्यांवरून नेण्यास योग्य असते, तर दुसरी सरळ धावेसाठी बरी. घरगुती वाहनातील भार या मर्यादांच्या खूप आत राहतात. त्यामुळे धडधाकट तार केवळ ओढीने मध्येच तुटणे विरळा. बिघाड होतो तो टोकाच्या जोडावर, कप्पीच्या वाकावर किंवा तार जिथे सांगाड्याला घासते त्या ठिकाणी.

गुणोत्तर आणि बल

रिळाची त्रिज्या आणि चाकाकडील भुजेची लांबी यांवरून यंत्रणेचे गुणोत्तर ठरते. रिळाची त्रिज्या ३० मिमी आणि भुजा १५० मिमी असेल तर गुणोत्तर ५ येते. म्हणजे चाके २५ अंश वळवण्यासाठी स्टिअरिंग चाक १२५ अंश फिरवावे लागते. हलक्या वाहनाला हे पुरेसे असते. रीळ आणखी लहान केल्यास हात हलका पडतो, परंतु वर सांगितलेला वाकाचा प्रश्न उभा राहतो. भुजा लांब केल्यास तारेवरचा भार घटतो, मात्र ती सांगाड्यात मावायला हवी.

पुढचा आस कसा फिरतो यावर तारेवरचा भार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. समजा पुढच्या दोन चाकांमधील अंतर ८०० मिमी आहे आणि एका चाकाला खड्ड्याच्या कडेवर ३०० न्यूटनचा धक्का बसला. संपूर्ण आस मधल्या एका खुंटीवर फिरत असेल तर धक्क्याचा तरफदांडा ४०० मिमी होतो आणि खुंटीभोवती १२० न्यूटन-मीटर परिबल निर्माण होते. १५० मिमी भुजेवर त्याने तारेत ८०० न्यूटन ओढ येते. ३०० मिमी व्यासाच्या स्टिअरिंग चाकाच्या कडेवर हाताला सुमारे १६० न्यूटनचा हिसका बसतो. हा भार साधारण १६ किलो वजनाइतका आणि अचानक आलेला असतो.

तेच चाक स्वतंत्र किंगपिनवर फिरत असेल आणि किंगपिनची रेषा जमिनीला टायरच्या मध्यापासून ४० मिमीवर मिळत असेल, तर तरफदांडा फक्त ४० मिमी राहतो. त्याच धक्क्याने परिबल १२ न्यूटन-मीटर, तारेतील ओढ ८० न्यूटन आणि हाताला लागणारे बल १६ न्यूटन इतके, म्हणजे सर्वच दहापट कमी येते. यामुळे माणूस वाहून नेणाऱ्या कोणत्याही गाडीत मधल्या खुंटीचा आस टाळण्याकडे कल असतो. त्याचा आणखी एक दोष म्हणजे आस वळल्यावर पुढची दोन्ही चाके मध्यरेषेच्या जवळ येतात, गाडीचा पाया अरुंद होतो आणि वळणावरच ती कलंडण्याची शक्यता वाढते.

स्वतंत्र किंगपिन असलेल्या रचनेत आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळावे लागते. म्युनिकचे गाडीकारागीर गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांनी १८१७ मध्ये योजलेली व रुडॉल्फ अकरमन यांनी पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेली भूमिती यासाठी आजही वापरली जाते. केबल स्टिअरिंगमध्ये ही भूमिती तारांनी साधण्याचा प्रयत्न केला जात नाही. दोन्ही चाके नेहमीप्रमाणे टाय रॉडने जोडतात आणि तारेचा वळसा फक्त एका किंगपिनला किंवा मधल्या तरफेला फिरवतो. दोन चाकांना दोन स्वतंत्र तारा लावून टाय रॉड वाचवण्याचा मोह धोकादायक असतो, कारण एका बाजूच्या ढिलाईने दोन्ही चाके वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात.

ढिलाईचा प्रश्न

गाडी सरळ असताना तारा ताठ असणे पुरेसे नाही, कारण चाके वळली की वळशाची आवश्यक लांबी बदलू शकते. रिळावर एका बाजूने जेवढी तार गुंडाळली जाते तेवढीच दुसऱ्या बाजूने सुटते. परंतु भुजेची टोके वर्तुळात फिरतात, त्यामुळे एक टोक जितके जवळ येते तितकेच दुसरे लांब जाईल असे नाही.

मधल्या खुंटीच्या आसावर खुंटीपासून १५० मिमीवर दोन्ही बाजूंना तारा बांधल्या आहेत आणि त्यांच्या बरोबर मागे, ४०० मिमी अंतरावर कप्प्या आहेत असे समजू. आस २५ अंश वळल्यावर दोन्ही तारांच्या लांबीची बेरीज ८०० मिमीवरून ८००.५ मिमी होते. अर्ध्या मिलिमीटरचा हा फरक तारेच्या ताणात सहज मिसळून जातो. याच कप्प्या १०० मिमीवर आणल्या तर फरक ३.२ मिमी होतो आणि वळणावर स्टिअरिंग जड होऊन तार अति ताणली जाते.

याहून वाईट स्थिती जागा वाचवण्यासाठी कप्प्या आत घेतल्यावर येते. कप्प्या ४०० मिमी मागे पण मध्यरेषेपासून केवळ ५० मिमीवर असतील तर सरळ स्थितीत दोन्ही तारांची बेरीज सुमारे ८२४.६ मिमी असते. आस २५ अंश वळल्यावर ती ८१८.७ मिमी होते. म्हणजे वळणावर सुमारे ६ मिमी तार मोकळी पडते आणि ३० मिमी त्रिज्येच्या रिळावर त्याचा अर्थ ११ अंशांहून अधिक प्ले असा होतो. गाडी उभी असताना, चाके सरळ ठेवून तपासल्यास हा दोष दिसतच नाही. नेमका वळणावर, गाडी पुन्हा सरळ करण्याच्या क्षणी, स्टिअरिंग हातात सैल होते. शिवाय मोकळी पडलेली तार कप्पीच्या खोबणीतून बाहेर उडू शकते. एकदा ती कप्पी आणि तिच्या बाजूपट्टीच्या मध्ये अडकली की चाके त्या स्थितीत जखडतात. म्हणून प्रत्येक कप्पीवर तार बाहेर पडू न देणारी पिन किंवा पट्टी असावी लागते.

या प्रश्नावरचा खात्रीचा उपाय म्हणजे भुजेऐवजी वर्तुळखंडाच्या आकाराची, खोबण असलेली पट्टी. तिच्यावर तार नेहमी स्पर्शरेषेत येते, त्यामुळे कोणत्याही कोनात एका बाजूची वाढ आणि दुसऱ्या बाजूची घट सारखीच राहते. जुन्या सायकलची अॅल्युमिनियमची धाव कापून किंवा जाड प्लायवूडचे दोन थर जोडून अशी पट्टी बनवता येते.

तारांना आधीच किती ताण द्यावा याचे गणित सोपे आहे. यंत्रणा बंद वळशाची असल्याने स्टिअरिंग फिरवल्यावर ओढणाऱ्या बाजूचा ताण जेवढा वाढतो तेवढा दुसऱ्या बाजूचा कमी होतो. दुसरी बाजू शून्यावर येऊ नये, तर मूळ ताण जास्तीत जास्त अपेक्षित ओढीच्या किमान निम्मा हवा. वरच्या उदाहरणातील स्वतंत्र किंगपिनच्या गाडीला त्यासाठी ४० न्यूटन पुरतात, तर मधल्या खुंटीच्या गाडीला ४०० न्यूटन लागतात. एवढा ताण कप्प्यांच्या बेअरिंगवर आणि लाकडी सांगाड्यावर सतत राहिला तर स्टिअरिंग जड होते व सांगाडा हळूहळू वाकतो.

नवी तार पहिल्या काही दिवसांत थोडी लांबते, कारण तिचे पेड एकमेकांत घट्ट बसतात. त्यानंतर टर्नबकलने ताण पुन्हा जुळवावा लागतो. तापमानाचाही परिणाम होतो. मराठवाड्यात हिवाळ्यातील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत ३० अंश सेल्सियसचा फरक सहज पडतो. बांबू किंवा लाकडाच्या सांगाड्यावरील ३ मीटर पोलादी तारेचा वळसा तेवढ्या फरकाने सुमारे १ मिमी लांबतो. सांगाडाही पोलादी असेल तर दोघे सारखेच प्रसरण पावतात आणि हा प्रश्न जवळजवळ उरत नाही.

आवरण असलेली केबल

सायकलच्या ब्रेकमध्ये दिसणारी, बाहेरून नळीसारखे आवरण असलेली केबल आयरिश संशोधक अर्नेस्ट बोडेन यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे पेटंट १८९६ चे आहे. आवरण स्वतःच तारेची प्रतिक्रिया झेलत असल्याने कप्प्यांची गरज राहत नाही आणि केबल हवी तशी वळवून नेता येते. घरगुती बांधणाऱ्याला ती म्हणूनच आकर्षक वाटते.

तिची किंमत घर्षणात मोजावी लागते. वाकाचा एकूण कोन वाढतो तसे हे घर्षण चक्रवाढीने वाढते. घर्षणांक ०.१५ धरल्यास ९० अंशांच्या वाकातून गेलेल्या केबलमध्ये सुमारे २१ टक्के ओढ वाया जाते आणि १८० अंशांत ३८ टक्के. धूळ शिरल्यावर किंवा आतील वंगण सुकल्यावर नुकसान याहून वाढते. घर्षणामुळे चाके आपोआप सरळ होण्याची प्रवृत्ती मंदावते आणि चालकाला रस्त्याची जाणीव कमी होते. आवरणही भाराखाली किंचित दबते, त्याने आणखी प्ले येतो. तरीही केबल आखूड आणि वाक मोठ्या त्रिज्येचे ठेवले तर ही पद्धत उत्तम चालते. फ्रान्समधील दूझ या कंपनीच्या मालवाहू सायकलींत हँडल आणि दूर पुढे असलेले चाक केबलने जोडलेले असते आणि त्यामुळे चाक दांड्याच्या यंत्रणेपेक्षा बरेच अधिक वळू शकते.

मोटारबोटींत वापरली जाणारी ढकलण्या-ओढण्याची केबल हा वेगळा प्रकार आहे. तिची आतली तार जाड व ताठ असल्याने एकच केबल दोन्ही दिशांना काम करते.

छत्रपती संभाजीनगर आणि दोन केबलांचे तत्त्व

दोन तारांनी एकच भाग दोन्ही दिशांना फिरवण्याचे तत्त्व महाराष्ट्रातील कारागिरांना स्टिअरिंगमधून नव्हे, तर स्कूटरच्या गिअरमधून परिचित झाले. १९७२ पासून बनू लागलेल्या बजाज चेतक स्कूटरमध्ये डाव्या मुठीच्या फिरण्याने गिअर बदलत. मुठीतून दोन केबल निघून इंजिनाजवळच्या गिअर निवडणाऱ्या भागाला मिळत. मूठ एका बाजूला फिरवली की एक केबल ओढली जाई आणि दुसरी सैल सुटे. एक केबल जरी ढिली झाली तरी मुठीवरचा आकडा आणि प्रत्यक्ष गिअर यांचा मेळ बसत नसे, आणि दोन्हींचा ताण सारखा करून देणे हे गल्लोगल्लीच्या मेकॅनिकचे रोजचे काम होते. हातात गिअर असलेल्या जुन्या बजाज रिक्षांतही हीच रचना होती. केबल स्टिअरिंगचा ताण जुळवणे हे नेमके तेच काम आहे. फरक एवढाच की गिअर चुकला तर गाडी अडते आणि स्टिअरिंग चुकले तर माणूस पडतो.

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या दृष्टीने सोयीचे शहर आहे. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ पासून सुरू आहे आणि तीनचाकी वाहनांचे उत्पादन तेथे होते. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे शहरात वाहनांचे सुटे भाग, लेथवरील काम आणि वेल्डिंग यांची सवय असलेले कारागीर आहेत. येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये स्थापन झाले. रीळ कातून घेणे किंवा किंगपिनची खोळ वेल्ड करून घेणे अशा शहरात अवघड जात नाही.

मात्र स्कूटर-रिक्षाच्या दुकानात मिळणारी क्लचची किंवा गिअरची केबल जशीच्या तशी स्टिअरिंगला लावणे योग्य नव्हे. तिच्या टोकाची निपल हाताने ओढलेल्या लिव्हरच्या भारासाठी असते, खड्ड्यातून उलट येणाऱ्या हिसक्यासाठी नसते. केबल आखूड करून टोकाला डाख देऊन नवी निपल बसवण्याची पद्धत क्लचसाठी चालते. स्टिअरिंगच्या बाबतीत असा डाख निसटला तर दुसरी संधी मिळत नाही.

बिघाड आणि तपासणी

टोकाच्या जोडासाठी तार थिंबलभोवती वळवून त्यावर तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची फेरूल योग्य साधनाने दाबणे हा चांगला उपाय आहे. पक्कडीने चेपलेली फेरूल सरकते. यू-आकाराचे क्लॅम्प वापरल्यास त्यांचा खोबणीचा भाग भार घेणाऱ्या तारेवर आणि वाकलेला यू-बोल्ट उरलेल्या मोकळ्या टोकावर यावा. उलट बसवल्यास यू-बोल्ट भाराच्या तारेलाच चेपतो. टर्नबकल धक्क्यांनी आपोआप उलगडू नये म्हणून त्यातून बारीक तार ओवून तो बांधून टाकतात. विमानांत हे बंधनकारक असते, घरगुती गाड्यांत ते सर्रास विसरले जाते.

तुटलेला बारीक पदर डोळ्यांना सहसा दिसत नाही. सुती फडके तारेवरून, विशेषतः कप्पीजवळच्या भागावरून, फिरवल्यास तुटलेले पदर त्यात अडकतात. एकही पदर अडकला तर हलक्या वाहनासाठी तार बदलणेच स्वस्त पडते. तपासणी चाके सरळ ठेवून, तसेच दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही करायची असते, त्याचे कारण वर आलेच आहे. चाकांचे वळण थांबवणारे अडथळे किंगपिनजवळ, सांगाड्यावर असावेत. ते नसतील तर प्रत्येक पूर्ण वळणाचा ताण तारेच्या टोकावर येतो.

तार तुटल्यावर काय होईल हे रचनेच्या वेळीच ठरते. किंगपिन मागे कललेला असेल तर टायर जमिनीला रेषेच्या मागे टेकतो आणि चालत्या गाडीची चाके स्वतःहून सरळ होऊ पाहतात. तार गेली तरी अशी गाडी निदान सरळ रेषेकडे येते आणि ब्रेक लावायला वेळ मिळतो. किंगपिन उभा असेल तर चाके जिथे असतील तिथून कुठेही भरकटतात. काही बांधणारे दोन समांतर वळसे, स्वतंत्र टोकांसह, बसवतात. दोन्ही तारा एकाच बोल्टला अडकवल्या तर या दुहेरीपणाचा उपयोग उरत नाही.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत याविषयीची भूमिका कडक होत गेली आहे. फॉर्म्युला स्टुडंट जर्मनी या अभियांत्रिकी स्पर्धेच्या नियमांत चालकाच्या स्टिअरिंगसाठी केबल किंवा पट्टा वापरण्यास मनाई आहे. त्या गाड्यांचा वेग पाहता हे समजण्यासारखे आहे. पायडलच्या किंवा उतारावरच्या गाडीला तोच निकष लावण्याचे कारण नाही.

भारतातील कायदेशीर स्थिती

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार मोटार वाहनाच्या स्टिअरिंग चाकात ३० अंशांपेक्षा अधिक मोकळी हालचाल चालत नाही. जोडाच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, आणि बोल्ट किंवा पिना निसटणार नाहीत अशा जखडलेल्या हव्यात. परंतु घरी बनवलेल्या गाडीची अडचण या नियमाच्याही आधी सुरू होते. नियम १२६ प्रमाणे प्रत्येक नव्या वाहनाचा नमुना पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एकाच गाडीसाठी हा खर्च व्यक्तीच्या आवाक्यातला नसतो आणि प्रमाणपत्राविना नोंदणी होत नाही. उत्तर भारतात डिझेल इंजिन बसवून बनवल्या जाणाऱ्या जुगाड गाड्याही मोटार वाहनच ठरतात व त्यांना कायद्यातून सूट नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातील भागांपासून बनवलेल्या, दुचाकीसारख्या किकने सुरू होणाऱ्या छोट्या चारचाकीची चित्रफीत देशभर पसरली. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर अडवली जाईल असेही नोंदवले. त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली व पुढच्या महिन्यात ती दिली. हलक्या चारचाकीसाठी कायद्यात जो वर्ग आहे तो क्वाड्रिसायकलचा. त्यात वाळूज येथे बनणारी बजाज क्यूट येते, आणि प्रवासी वाहनासाठी त्याची रिकाम्या वजनाची मर्यादा ४७५ किलो आहे. हा वर्ग कारखानदारांसाठी आहे आणि तेवढ्या वजनाच्या वाहनात तारेच्या स्टिअरिंगला स्थान नाही.

घरगुती बांधणाऱ्याला मोकळीक मिळते ती मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मधील व्याख्येतून. केवळ पायडलवर चालणारे वाहन मोटार वाहन ठरत नाही. चारपेक्षा कमी चाके आणि २५ घन सेंमीपर्यंतचे इंजिन असलेले वाहन व्याख्येबाहेर आहे, तसेच केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले विशेष वाहनही. चार चाकांच्या गाडीला मात्र कितीही लहान इंजिन लावले तरी ती रस्त्यावर आणताच पूर्ण कायदा लागू होतो. त्यामुळे महाराष्ट्रात केबल स्टिअरिंगची वाहने बहुतांशी पायडलच्या चारचाकी, महाविद्यालयांच्या आवारातील प्रायोगिक गाड्या आणि मुलांच्या गाड्या एवढ्यापुरती मर्यादित आहेत.